मैफल आणि मार्ग : पं. भीमसेन जोशी यांच्या अखंड मैफल-प्रवासाचे सांगीतिक व सामाजिक आकलन

बीजसंज्ञा : मैफल, आश्रय, प्रवास, ख्यालगायकी, किराणा घराणे, संगीत महोत्सव.

प्रस्तावना :

हिंदुस्थानी संगीताविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. घराण्यांची वैशिष्ट्ये, गुरुपरंपरा, बंदिशींचे सौंदर्य आणि थोर कलावंतांचे स्वभावविशेष हे या लेखनाचे आवडते विषय होत. मात्र ज्या गायकाच्या मैफलीचे रसभरीत वर्णन केले जाते, तो गायक त्या गावी पोहोचला कसा, आदल्या रात्री तो कोठे गात होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोठे जायचे होते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. मैफल हा कलेचा विषय आणि प्रवास हा केवळ सोयी-गैरसोयीचा विषय, अशी एक विभागणी अभ्यासकांनी नकळत स्वीकारलेली दिसते.

पं. भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. १९४० च्या दशकापासून एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ, त्यांचे जीवन एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यात व्यतीत झाले. रेल्वे, मोटार आणि विमान या तिन्ही वाहनांशी त्यांच्या गायनाचा इतका निकटचा संबंध होता की रसिकांनी त्यांना विनोदाने ‘हवाई गंधर्व’ असे नाव दिले. या विनोदामागे दडलेला गंभीर आशय उलगडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. संस्थानी आश्रयाच्या अस्तानंतर मैफल-प्रवास ही कलावंताच्या उपजीविकेची व्यवस्था कशी बनली, हे पाहणे.
२. सततच्या प्रवासाचा पं. भीमसेन जोशी यांच्या गायकीवर आणि मैफलीच्या रचनेवर झालेला परिणाम तपासणे.
३. या जीवनक्रमाची कलावंताने व त्याच्या निकटवर्तीयांनी मोजलेली किंमत लक्षात घेणे.

आश्रयदात्याकडून आयोजकाकडे :

गवयाने गावोगावी फिरणे ही विसाव्या शतकाने निर्माण केलेली गोष्ट नव्हे. दरबारी गायकही उत्सवानिमित्त व निमंत्रणावरून दूरवर जात. परंतु त्याच्या जीवनाचा मध्यबिंदू दरबार हाच असे. तनखा तेथून मिळे, प्रतिष्ठा तेथून मिळे आणि प्रवास संपवून तो परतही तेथेच येई. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वेमार्ग सुरू झाला आणि पुढील अर्धशतकात लोहमार्गांचे जाळे देशभर पसरले, तेव्हा या चित्रात बदल होऊ लागला. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी मिरज सोडून उत्तरेकडे प्रयाण केले, सामान्य श्रोत्यांसमोर जाहीर मैफली केल्या आणि १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. या दोन्ही घटनांना रेल्वेचा आधार होता, हे विसरता येत नाही.

महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात संगीत नाटक मंडळ्यांनी फिरतीची आणखी एक परंपरा निर्माण केली होती. पं. भीमसेन जोशी यांचे गुरू रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांच्या आयुष्याचा मोठा भाग या रंगभूमीवर गेला. तथापि मंडळीचा प्रवास हा संपूर्ण बिऱ्हाडाचा प्रवास असे. पडदे, पेट्या, आचारी, नट आणि वादक एकत्र निघत व एका गावी काही आठवडे मुक्काम करीत. ख्यालगायकाचा नवा प्रवास याहून सर्वस्वी भिन्न होता. दोन-तीन साथीदार, तानपुऱ्याची जोडी, एका रात्रीची मैफल आणि पहाटेची गाडी, असे त्याचे स्वरूप होते.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि दरबारी आश्रयाचा उरलासुरला आधार नाहीसा झाला. त्याच सुमारास आकाशवाणीने १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद १९५२ मध्ये आणि मुंबईचे दादर-माटुंगा कल्चरल सेंटर १९५३ मध्ये अस्तित्वात आले. लहानमोठ्या शहरांतून म्युझिक सर्कली निघाल्या. एका राजाची जागा अशा रीतीने शेकडो आयोजकांनी घेतली. कोणताही एक आयोजक गवयाला वर्षभर पोसू शकत नव्हता. सर्वांची मिळून जी बिदागी होई, तीवर त्याचा चरितार्थ चालणार होता. त्यामुळे प्रवास हाच नवा आश्रय ठरला. गवई एका धन्याच्या मर्जीतून मुक्त झाला, परंतु त्याच वेळी तो रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधला गेला.

प्रवासातून घडलेले शिक्षण :

पं. भीमसेन जोशी यांच्या सांगीतिक जीवनाचा आरंभच प्रवासाने झाला. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी तत्कालीन धारवाड जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. वडील गुरुराज जोशी हे शिक्षक होते. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेने भारावलेल्या या मुलाने १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. जवळ तिकिटाचे पैसे नव्हते. डब्यातील प्रवाशांना गाणे ऐकवावे आणि त्यांच्या सद्भावनेवर पुढचे स्टेशन गाठावे, अशा रीतीने ते ग्वाल्हेरपर्यंत गेले. तेथील माधव संगीत विद्यालयात शिकताना त्यांना सरोदवादक उस्ताद हाफीज अली खाँ यांचे साहाय्य लाभले. पुढे कोलकात्यासह उत्तर भारतातील अनेक ठिकाणी भटकंती करीत ते जालंदरला पोहोचले. तेथील हरिवल्लभ संगीत संमेलनाच्या निमित्ताने आलेल्या पं. विनायकराव पटवर्धन यांनी त्यांना स्वतःच्याच प्रांतात परतून सवाई गंधर्वांकडे शिकण्याचा सल्ला दिला. ज्या गुरूच्या शोधासाठी मुलगा पंजाबपर्यंत गेला, तो गुरू त्याच्या घरापासून अल्प अंतरावरील कुंदगोळ येथे राहत होता.

ही हकीकत चरित्रकारांनी अनेकदा सांगितली आहे. ती बहुधा जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. या लेखाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. अनोळखी माणसांसमोर, कोणत्याही पूर्वतयारीविना, गाडीच्या खडखडाटात गाऊन त्यांचे लक्ष वेधून घेणे, हा या गायकाचा पहिला सार्वजनिक अनुभव होता. श्रोता आपला नाही, त्याला आपलेसे करावयाचे आहे, ही जाणीव त्याला गुरुगृही नव्हे, तर रेल्वेच्या डब्यात प्राप्त झाली. १९३६ पासून कुंदगोळ येथे झालेल्या कठोर तालमीने त्या आवाजाला किराणा घराण्याची शिस्त दिली. १९४१ मध्ये पहिली जाहीर मैफल, त्यानंतर पहिली ध्वनिमुद्रिका, १९४३ मध्ये मुंबई आकाशवाणीवरील काम आणि जानेवारी १९४६ मध्ये गुरूंच्या षष्ट्यब्दीनिमित्त पुण्यात गाजलेले गायन, असा पुढील क्रम आहे. यानंतर मैफलींची निमंत्रणे वाढत गेली आणि पुणे हे घर असले तरी ते दोन दौऱ्यांमधील मुक्कामाचे ठिकाण बनले.

मैफल-प्रवासाची व्यवस्था :

या प्रवासाचे व्यावहारिक स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय त्याचा सांगीतिक परिणाम समजत नाही. तानपुऱ्याचा भोपळा ही प्रवासातील सर्वांत नाजूक वस्तू होय. तो सामानासारखा टाकता येत नाही आणि एकदा तडकला की मूळचा नाद परत मिळेलच, याची शाश्वती नसते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत जुळवलेली जवारी देशावरच्या कोरड्या हवेत तशीच राहत नाही. त्यामुळे नव्या गावी पोहोचल्यावर वाद्य पुन्हा नव्याने लावावे लागते. गळ्याचीही हीच अवस्था. जागरण, धूळ, पाण्यातील बदल आणि अवेळी जेवण यांचा परिणाम प्रथम गळ्यावर होतो आणि श्रोत्यांना मात्र त्याच्याशी कर्तव्य नसते.

साथीदारांची जुळणी हाही महत्त्वाचा भाग होता. पेटीवर अप्पा जळगावकर व पुरुषोत्तम वालावलकर, तबल्यावर वसंत आचरेकर, चंद्रकांत कामत व नाना मुळे यांच्यासारख्या कलावंतांनी पंडितजींना दीर्घकाळ साथ केली. ठिकाण दररोज बदलत असताना मंचावरील माणसे तीच राहणे, हा या जीवनातील मोठा आधार होता. मागे तानपुऱ्यावर बसणारे शिष्य हे या फिरत्या कुटुंबाचे तिसरे अंग. धारवाडचे पं. माधव गुडी यांनी अनेक वर्षे गुरूंसोबत प्रवास केला. गुरूचे घर हेच विद्यालय ही परंपरागत कल्पना येथे बदलून गेली होती. गाडीतील संवाद आणि मंचावरील स्वरसाथ हेच शिष्याचे शिक्षण झाले.

पंडितजींना मोटारीचे अतिशय वेड होते. ते स्वतः लांबलांबचे अंतर गाडी चालवीत आणि यंत्राचे त्यांचे ज्ञानही उत्तम होते. या गोष्टीकडे केवळ छंद म्हणून पाहणे पुरेसे नाही. रेल्वेच्या वेळापत्रकाने बांधल्या गेलेल्या गवयाला मोटारीने स्वतःच्या वेळेवर थोडी सत्ता मिळवून दिली. मैफल संपल्यावर हवे तेव्हा निघता येऊ लागले आणि जेथे रेल्वे नव्हती, त्या गावीही गाणे पोहोचले.

प्रवासाचा गायकीवरील परिणाम :

पंडितजींच्या गायनावर घेतला जाणारा एक नेहमीचा आक्षेप असा की, त्यांचा रागसंग्रह मर्यादित होता व तेच ते राग ते पुनःपुन्हा गात. शुद्ध कल्याण, यमन, पूरिया, पूरिया धनाश्री, मुलतानी, अभोगी, मालकंस, दरबारी, तोडी, ललत अशा निवडक रागांभोवती त्यांची मैफल फिरत राहिली, हे खरे आहे. याचे एक कारण किराणा घराण्याच्या स्वभावात आहे. मोजक्या रागांत स्वराचा सखोल शोध घेणे ही त्या घराण्याची वृत्तीच होय. परंतु दुसरे कारण मैफल-प्रवासाच्या व्यवस्थेत शोधावे लागते.

जाहीर मैफल प्रामुख्याने सायंकाळी व रात्री होते. त्यामुळे फिरत्या गायकाच्या वाट्याला सायंकालीन व रात्रीचे राग अधिक येतात. सकाळचे राग गाण्यास सकाळची बैठक किंवा रात्रभर चालणारा महोत्सव लागतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री दहानंतर खुल्या जागी ध्वनिवर्धकाच्या वापरावर निर्बंध आले, तेव्हा रात्रभराच्या मैफलींची परंपराही संकोचली. म्हणजेच कोणता राग किती वेळा गायला जावा, हे घराण्याइतकेच घड्याळही ठरवीत असते.

शिवाय प्रत्येक गावचा श्रोता वेगळा असतो. एका शहरात जाणकारांचे प्रमाण अधिक, तर दुसरीकडे बहुतांश श्रोते प्रथमच ख्याल ऐकणारे. अशा मिश्र समुदायापुढे अनवट रागांचे कोडे घालण्यापेक्षा परिचित रागाचे अपरिचित रूप दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. ज्या गायकाला घरी बसून सलग रियाज करण्यास अवसर नाही, त्याची मैफल हाच रियाज बनते. आज कोलकात्यात, चार दिवसांनी धारवाडला, पुढील आठवड्यात मुंबईत तोच शुद्ध कल्याण गायला जातो, तेव्हा ती पुनरुक्ती नसते. नव्या सभागृहात, नव्या श्रोत्यांसमोर, बदललेल्या प्रकृतीने केलेली ती त्याच रागाची पुनर्परीक्षा असते. पंडितजींच्या एकाच रागाच्या निरनिराळ्या काळांतील ध्वनिमुद्रणांची तुलना करणाऱ्यास आलापाचा विस्तार आणि तानांची मांडणी यांत मोठे अंतर आढळते. कलाश्री आणि ललत-भटियार यांसारखी रागरूपे त्यांनी प्रचारात आणली, यावरून नवनिर्मितीची वृत्ती त्यांच्यात नव्हती असेही म्हणता येत नाही.

मैफलीच्या उत्तरार्धात तर प्रवासाची खूण स्पष्टच उमटते. उत्तरेकडे ठुमरी किंवा हिंदी भजन, कर्नाटकात पुरंदरदासादी हरिदासांची कन्नड पदे आणि महाराष्ट्रात संतांचे अभंग, असा तो भाग प्रांतानुसार बदलत असे. राम फाटक व श्रीनिवास खळे यांच्या स्वररचनांतून लोकप्रिय झालेले त्यांचे अभंगगायन पुढे ‘संतवाणी’ या स्वतंत्र कार्यक्रमाच्या रूपाने गावोगावी गेले. ज्या श्रोत्याने विलंबित ख्याल कधी ऐकला नव्हता, तोही या मार्गाने किराणा घराण्याच्या स्वरापर्यंत पोहोचला.

भ्रमंती आणि स्थैर्य : एक तुलना

पं. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांच्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी हे कुमारजींचे जन्मगाव. दोघेही समवयस्क, दोघेही कन्नड भूमीतून आलेले आणि दोघांनाही मराठी रसिकांनी आपले मानलेले. कुमारजी बालवयातच मैफली गाजवू लागले होते. परंतु क्षयाच्या आजारामुळे १९४८ च्या सुमारास ते माळव्यातील देवास येथे गेले व पुढील काही वर्षे त्यांचे गाणे पूर्णतः थांबले. त्या सक्तीच्या स्थैर्यात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली. त्यातून धुनउगम रागांची कल्पना आकारास आली आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ऋतुसंगीतासारखे एका सूत्रात गुंफलेले कार्यक्रमही त्यांनी पुढे सादर केले.

एकाच्या वाट्याला सक्तीचे थांबणे आले आणि त्याच्या हातून नव्या बंदिशी व नवे राग घडले. दुसऱ्याच्या वाट्याला अखंड चालणे आले आणि त्याने मोजक्या रागांत सादरीकरणाची असाधारण ताकद मिळविली. आजारानंतर कुमारजींनीही अनेक ठिकाणी मैफली केल्या, त्यामुळे ही विभागणी ताणणे योग्य नव्हे. दोघांच्या वृत्तींतील फरकही मूळचाच होता. तरीही कलावंताचे भौतिक जीवन त्याच्या कलेच्या अंतरंगापर्यंत पोहोचते, एवढे या तुलनेतून निश्चितपणे दिसून येते.

प्रवासाची किंमत :

या जीवनक्रमाचे गौरवीकरण करणे अन्यायाचे होईल. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा मृत्यू २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असताना सिंगपेरुमाळकोविल या रेल्वे स्थानकावर झाला. ज्या स्वराने बालपणी भीमसेनांना घराबाहेर काढले, तो स्वर प्रवासातच निमाला, ही घटना या व्यवस्थेतील शारीरिक जोखमीची साक्ष देते. अर्थात दरबारी आश्रय सुखाचाच होता असेही नाही. उस्ताद अल्लादिया खाँ यांचा मूळचा आवाज आमलेटा संस्थानातील अतिरिक्त गायनामुळे गेला, हे सर्वश्रुत आहे. कलावंताच्या शरीरावरील भार जुन्या व्यवस्थेतही होता. नव्या व्यवस्थेने त्याचे स्वरूप बदलले, एवढेच.

पंडितजी काही काळ मद्याच्या अधीन झाले होते आणि पुढे निग्रहाने त्यातून बाहेर पडले, ही बाब त्यांच्या चरित्रात नोंदविली गेली आहे. तिचा सर्व दोष प्रवासावर टाकता येणार नाही. तथापि वर्षानुवर्षांची जागरणे आणि घरापासून दूरचे मुक्काम ही तिची पार्श्वभूमी होती, हे विसरता कामा नये.

सर्वांत मोठी किंमत घरच्यांनी मोजली. त्यांचे पुत्र राघवेंद्र जोशी यांचे ‘गाणाऱ्याचे पोर’ हे पुस्तक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वडिलांच्या गाण्याविषयीचा अभिमान आणि त्यांच्या अनुपस्थितीची वेदना या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र नांदतात. सुनंदाबाई आणि वत्सलाबाई या दोन्ही पत्नींच्या वाट्याला, भिन्न परिस्थितींत, गवयाविना घर चालविण्याचे काम आले. त्यांपैकी वत्सलाबाई स्वतः गायिका होत्या. पुरुष कलावंताच्या अखंड प्रवासामागे एका ठिकाणी थांबलेल्या स्त्रीचे श्रम असतात. ज्या स्त्री-कलावंतांना असा आधार नव्हता, त्यांना मैफल आणि घर ही दोन्ही ओझी एकाच वेळी वाहावी लागली. संगीताच्या इतिहासाने या श्रमांची नोंद अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

प्रवाशाने उभारलेला मुक्काम :

सवाई गंधर्वांच्या निधनानंतर, १९५३ मध्ये, पुण्यात आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ संगीत महोत्सव सुरू झाला. पंडितजी त्याचे प्रमुख सूत्रधार होते. वर्षभर इतरांच्या निमंत्रणावरून फिरणाऱ्या गायकाने वर्षातील काही दिवस स्वतः यजमान व्हावे आणि देशभरच्या कलावंतांना आपल्या गावी बोलवावे, यात एक लक्षणीय पालट आहे. प्रवासात जुळलेले स्नेहसंबंध हेच या महोत्सवाचे खरे भांडवल होते. आयोजकाकडून कलावंताला काय हवे असते, हे ज्याने शेकडो गावी अनुभवले, त्याच्या हाती आयोजन आले. आज ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ या नावाने ओळखला जाणारा हा उत्सव म्हणूनच केवळ गुरुस्मरण ठरत नाही. राजाश्रय गेल्यानंतर गवयांनी आपल्याच बळावर उभारलेल्या लोकाश्रयाचे ते ठळक उदाहरण होय.

निष्कर्ष :

१. मैफल-प्रवास हा कलावंताच्या जीवनातील बाह्य तपशील नसून संस्थानी आश्रयाची जागा घेणारी आर्थिक-सामाजिक व्यवस्था होती.
२. रागांची निवड, मैफलीची रचना, उपशास्त्रीय व भक्तिसंगीताचे स्थान आणि शिष्यांचे शिक्षण या सर्वांवर प्रवासाचा प्रभाव पडला. पं. भीमसेन जोशी यांच्या मर्यादित रागसंग्रहाचे मूल्यमापन हा प्रभाव लक्षात घेऊनच करावयास हवे.
३. या व्यवस्थेने कलावंतास एका आश्रयदात्याच्या मर्जीतून मुक्त केले, परंतु तिचा भार त्याच्या शरीरावर, कुटुंबावर आणि विशेषतः घरातील स्त्रियांवर पडला.
४. सवाई गंधर्व महोत्सव हे प्रवासातून जमलेल्या संबंधांचे संस्थेत झालेले रूपांतर होय.

१९९९ मध्ये पद्मविभूषण आणि २००८ मध्ये भारतरत्न या सन्मानांनी गौरविलेला हा प्रवास २४ जानेवारी २०११ रोजी पुण्यात संपला. त्याची ध्वनिमुद्रणे सुरक्षित आहेत. त्याचे मार्ग मात्र पुसले जात आहेत. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी एकेकाळी चाललेल्या म्युझिक सर्कलींच्या कार्यक्रमपत्रिका, गवयांशी झालेला पत्रव्यवहार, बिदागीच्या व प्रवासखर्चाच्या जमाखर्चाच्या वह्या अजूनही काही जुन्या घरांतून असतील. त्या रद्दीत जाण्यापूर्वी मिळविणे, त्यांच्या नोंदी करणे आणि ज्यांनी गवयांना स्थानकावरून आणले, घरी उतरविले, जेवू घातले, त्या वयोवृद्ध कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेणे, हे काम त्या त्या गावच्या महाविद्यालयांतील संगीत, इतिहास, अर्थशास्त्र व मराठी या विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे आहे. तसे झाल्यास हिंदुस्थानी संगीताचा इतिहास केवळ घराण्यांचा न राहता तो गावांचा आणि माणसांचाही होईल.